गळाच्या बदल्यात भांडे

संकटाची तयारी हा मानवी संस्कृतीचा पाया आहे.

हे वाक्य माझे आहे. मनीषनगरातल्या आमच्या कॉलनीत आपत्ती सज्जता समिती स्थापन झाली, तेव्हा तिच्या फलकावर काहीतरी वजनदार हवे होते. मी जन्मभर एका कॉलेजात ग्रंथपाल होतो, त्यामुळे अशी वाक्ये माझ्या घरात पडून असतील असा लोकांचा समज आहे. मी ते चहा पिता पिता सांगितले आणि बिस्किट घेतले. केशरी कापडावर ते छापून आल्यावर प्रश्न निघाला की टांगायचे कशाला. झाडांना खिळे ठोकायचे नाहीत असे समितीनेच ठरवले होते, आणि विजेच्या खांबाजवळ जायचे नाही असेही. शेवटी आमच्या अंगणातल्या विहिरीवर चाकासाठी उभारलेले दोन खांब आहेत, त्यांना ते बांधले. उद्घाटन तिथेच झाले. नारळ विहिरीच्या कठड्यावर फुटला आणि अर्धे खोबरे आत गेले. मग त्याच जागी खुर्च्या टाकून समितीची पहिली बैठक झाली, आणि तिच्यात पहिला ठराव असा झाला की ही विहीर स्लॅब टाकून कायमची बंद करावी.

कारण बिनचूक होते. समितीने कॉलनीतली धोक्याची स्थळे शोधली, तेव्हा तिला एकच सापडले.

समितीचे अध्यक्ष आमच्या समोरच राहतात. मोठ्या सरकारी हुद्द्यावरून निवृत्त झालेले गृहस्थ आहेत. त्यांच्या बोलण्यात आधी मथळा येतो, मग मजकूर.

"विषय : सुरक्षितता," ते माझ्या बायकोला म्हणाले. "वहिनी, उघडी विहीर आहे. उद्या कोणाचं लेकरू पडलं तर?"

"कठडा माझ्या छातीइतका आहे, भाऊजी. वरून जाळी आहे. लेकराले पडायचं असन तं आधी शिडी आणावी लागन."

"मुद्दा नोंदवून घेतो," अध्यक्ष म्हणाले, आणि नोंदवला नाही.

बाहेरच्या ठरावाची हिला फिकीर नव्हती. अंगण आमचे आहे. समिती फार तर शिट्टी वाजवेल. पण आमच्या मुलाने नुकतीच गाडी घेतली होती आणि ती फाटकाबाहेर उन्हात उभी राहत होती. त्याला त्या ठरावात देव दिसला.

"आई, बरोबर बोलून राहिले ते. स्लॅब टाकला तं गाडी आत येते. आता डॅशबोर्डवर पापड भाजून निघतो."

"मंग भाज ना गा. गॅस वाचन."

"तुले मजाक वाटते. नळ आहे, बोअर आहे, वर टाकी आहे. त्या विहिरीचं आता कामच काय आहे?"

हिने उठून विहिरीवरची जाळी सरळ केली. ती असे गरज नसलेले काम काढते तेव्हा आमच्या घरात सगळे जरा जपून चालतात. मग एवढेच म्हणाली, "हा उन्हाळा जाऊ द्या." उन्हाळा तिने मागून घेतला. नवतपा, म्हणजे मेअखेरचे सर्वांत तापलेले नऊ दिवस, संपला की पावसाच्या आधी गवंडी येणार असे ठरले, आणि फाटकाशी गिट्टी-रेतीचे ढीग येऊन पडले. जाता येता ते तिला दिसत.

हे सगळे तिला का लागले असेल ते सांगायला हवे. आम्ही प्लॉट घेतला तेव्हा भोवती तुरीची शेते होती. नातेवाईक दबक्या आवाजात विचारत, तिकडे लाईन आहे ना? वीज नव्हती, नळही नव्हता. घर कसे असावे याबद्दल माझ्या पुष्कळ कल्पना होत्या, त्यात पुस्तकांच्या कपाटांची लांबी हा मुख्य भाग होता. हिने एकच गोष्ट मागितली : आधी विहीर. मजूर काळ्या मातीतून मुरमात आणि मुरमातून खडकात उतरत होते तेव्हा ती शाळा सुटली की थेट तिथे येऊन उभी राहायची. पाणी लागले तेव्हा ओंजळीतून प्यायली आणि "गोड आहे" म्हणाली. त्या पाण्यावर घर बांधले. त्यानंतर तिने या घरात स्वतःसाठी म्हणून काही मागितल्याचे मला आठवत नाही, आणि मी आठवायचा प्रयत्न केला आहे.

तिचे माहेर पारशिवनीकडचे, धानाची शेती असलेले. ती हायस्कुलात विज्ञान शिकवायची. वर्गात तिची मराठी इतकी प्रमाण असे की इन्स्पेक्टर तिला पुण्याची समजत. घरी आणि विहिरीवर मात्र माहेरची बोली. तिचे म्हणणे, उकळबिंदू पुस्तकी भाषेत सांगावा, पण दूध उतू जात असेल तर माणूस आपल्या भाषेत ओरडतो.

अडचणीच्या दिवसांसाठी तिची एक पद्धत होती. तयारी हा शब्द मी तिच्या तोंडून ऐकलेला नाही. तिचे सूत्र साधे होते : वस्तू ठेवली म्हणून ती असते असे नाही, चालवून पाहिली म्हणजे असते. त्यामुळे सिलिंडर भरलेला असतानाही महिन्यातून एक दिवस आमचा स्वयंपाक अंगणात कोळशाच्या शेगडीवर व्हायचा. महिन्यातून एका संध्याकाळी दिवे बंद करून कंदील लागायचा, आणि सकाळी त्याची काच राखेने पुसली जायची. रामटेककडून येणारा तांदूळ कडुलिंबाच्या पाल्यात राहायचा. नवा आला की जुना वर काढायचा, नवा खाली. विहिरीत ठरल्याप्रमाणे औषध पडायचे. आणि मोटर असतानाही रोज सकाळी एक बादली हाताने शेंदून काढायची, जाईला घालायची.

मी चेष्टा करायचो. "आज कोणतं संकट आहे?"

"आज नाही आहे. म्हणून तं जमून राहिलं."

मी साम्राज्ये कशी कोसळली यावरची जाडजूड पुस्तके वाचली आहेत. दुष्काळ, वेढे, साथी, सगळे त्यांत आहे. एकाही पुस्तकात कोणी कंदिलाची काच पुसताना दिसत नाही.

आणि तिच्याकडे गळ होता. आता हा शब्द लोकांना मासे धरण्यापुरताच माहीत राहिला आहे. विहिरीचा गळ म्हणजे लोखंडी कडीला लटकवलेला आकड्यांचा झुबका, उलट्या छत्रीच्या काड्यांसारखा. बादली विहिरीत पडली की तो दोराला बांधून तळाशी सोडायचा आणि हळूहळू गोल फिरवत राहायचे. कुठेतरी तो बादलीची कडी धरतो. हिच्या वडिलांनी तो गावच्या लोहाराकडून घडवून लग्नात दिला. माझ्या मित्रांना सासऱ्यांकडून घड्याळे मिळाली. त्यांतले एकही आज चालत नाही.

गळ उसना द्यायचा एक नियम होता, तोही गळाबरोबर माहेरून आला. मागणाऱ्याने आपल्या घरचे एक भांडे ठेवून जायचे. गळ परत आला की भांडे परत. भांडेही असे हवे की ज्याच्यावाचून त्या घरात अडेल; पोचा आलेला डबा चालायचा नाही. कारण गळ ही फार विसरभोळी वस्तू आहे. बादली निघाली की आनंदात तो कठड्यावर राहतो, तिथून कोणाच्या कोठीत जातो, आणि पुढच्या वेळी सगळे गाव तो शोधत हिंडते. रोज संध्याकाळी ज्या पातेल्यात दूध तापते तेच पातेले घरात नसेल, तर माणसाला बरोबर आठवते. या नियमात ओळख, नाते, हुद्दा काही चालत नाही. तिच्या सख्ख्या काकूनेही भरलेला लोटा रिकामा करून ठेवला आहे.

सुरुवातीला इथे प्रत्येक प्लॉटवर विहीर होती आणि आमच्या स्वयंपाकघरातल्या फळीवर नेहमी कोणाचे तरी पातेले पाहुणे असे. अध्यक्ष नवे राहायला आले तेव्हा त्यांचीही बादली पडली. ते स्वतः गळ मागायला आले.

"भांडं?" हिने विचारले.

"कसलं भांडं?"

हिने नियम सांगितला. त्यांचा चेहरा पडला. "वहिनी, मी काय पळून जाणार आहे का?"

"तुम्ही काहून पळान? पळते तो गळ."

ते तसेच घरी गेले आणि त्यांनी नवी बादली आणली. पुढे नळ आले, बोअर आले, टिल्लू पंप आले, आणि एकेक विहीर झाकली गेली. अध्यक्षांची ती पहिली बादली अजून त्यांच्या विहिरीतच आहे. वर त्यांचे पार्किंग आहे.

गवंडी सोमवारी येणार होता. त्याच्या आधीच्या शुक्रवारी, दिवसभर भट्टी पेटल्यासारखे तापल्यावर, संध्याकाळी रामटेकच्या बाजूने आभाळ काळे झाले आणि वारा सुटला. पाऊस नावाला, वारा मात्र असा की समोरच्या फ्लॅट स्कीमच्या गच्चीवरची पाण्याची टाकी आमच्या गल्लीत येऊन लोळू लागली. लाईन गेली. सकाळी बाहेर पडून पाहिले तर कॉलनीत येणाऱ्या एकुलत्या एका रस्त्यावर कडुलिंब आणि गुलमोहर आडवे होते, त्यांच्याखाली खांब, आणि खांबाच्या तारा पायवाटेवर पसरलेल्या. नळाला पाणी सोडणारे पंप विजेवर. बोअर विजेवर. टिल्लूही विजेवर. टँकरला यायला वाट नाही. दुपारपर्यंत सगळ्यांच्या टाक्यांनी तळ दाखवला, आणि ऊन पुन्हा जसेच्या तसे होते.

समिती ताबडतोब कामाला लागली, हे मान्य केले पाहिजे. शिट्टी वाजली. केशरी जॅकेटे निघाली. आग लागल्यास, भूकंप झाल्यास आणि गॅस गळल्यास घराबाहेर कसे यावे याचा सराव आम्ही उन्हाळाभर केला होता. त्याप्रमाणे सगळे शिस्तीत घराबाहेर आले. पाणी तिथेही नव्हते.

ही त्या वेळी विहिरीवरची जाळी काढत होती. इथे एक गोष्ट सांगायला हवी, जी तिने कोणाला सांगितली नव्हती. तिचा उजवा खांदा धरलेला आहे. डॉक्टरांनी वजन उचलायला मना केले आहे. रोजची बादली तिने सोडली नव्हती, पण बादलीचा आकार लहान होत होत आता ती बादली म्हणजे डोलचीच झाली होती. सगळ्या कॉलनीचे पाणी तिच्याने निघणार नव्हते. आणि ते निघाले नाही, तर सोमवारी स्लॅब पडणार हे तिला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. जी विहीर अशा दिवशीही पाणी देत नाही, तिच्यासाठी भांडायचे कोणत्या तोंडाने?

तिने मुलाला हाक मारली. "ये गा इकडं. मोठी बादली घे, लोखंडाची."

त्याने दोर धरला आणि बादली खाली सोडली. ती पाण्यावर जाऊन तरंगत बसली, सुट्टीवर आल्यासारखी.

"भरूनच नाही राहिली, वं आई."

"तिले काय पोहाले सोडलं का तू? हिसका दे. तोंड वाकडं कर तिचं."

हिसका दिला. बादली बुडाली. त्याने दोन्ही हातांनी जोर लावून ती वर घेतली, निम्मे पाणी वाटेत सांडले, आणि तळहात लाल झाले.

"खेचू नको. शेंद."

"एकच तं आहे ना."

"एक काहून असन? खेचणं हातानं होते. शेंदणं कमरेनं. एक हात वर जाते तं दुसरा खाली असते, आन् तू सरळ उभा राहाते. दोर तुह्याकडं येते, तू त्याच्याकडं नाही जात."

चार बादल्या वाया गेल्यावर त्याला ते जमले. कसे जमते ते सांगता येत नाही. एकदम चाकाचा आवाज बदलतो. कुरकुर थांबून एक लय लागते. फाटकाशी तोवर बाजूच्या स्कीममधले लोक येऊन उभे राहिले होते, हातात कॅन, कळशा, हंडे, पोरांचे आंघोळीचे टब. ही कठड्याजवळ प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली, खांद्यावर पदर घेऊन, आणि प्यायचे पाणी उकळून, तुरटी फिरवून घ्या असे प्रत्येकाला बजावू लागली. तिचा वर्ग पुन्हा भरला होता.

तेवढ्यात अध्यक्ष आले. मागे समिती.

"विषय : पाणीवाटप," ते म्हणाले. रांग प्लॉट क्रमांकाप्रमाणे लागावी असे त्यांनी जाहीर केले. लागलेली रांग मोडून नवी लागली. तीच माणसे जरा रागावून उभी राहिली. मग त्यांची नजर आमच्या दोरावर गेली. काथ्याचा, जाड, काळपट, हाताच्या घामाने मऊ झालेला. "हा सुरक्षित नाही," त्यांनी ठरवले, आणि समितीसाठी आणलेला बचावकार्याचा नायलॉन दोर वेष्टनातून काढायला लावला. निळा, चकचकीत.

"भाऊजी, तो गुळगुळीत आहे. गाठ नाही राहात त्याची," ही म्हणाली.

"वहिनी, याच्यावर माणूस लटकू शकतो."

"माणूस धरून ठेवते ना स्वतःले. बादलीले हात आहेत का?"

गाठ त्यांनी स्वतः मारली. पहिली बादलीही तेच काढणार होते, कारण समितीच्या ग्रुपवर फोटो टाकायचा होता. फोटो छान आला. बादली खाली गेली, बुडाली, भरली, अर्ध्यापर्यंत वरही आली. मग एक जड आवाज झाला, आणि अध्यक्षांच्या हातात निळा दोर हलका होऊन वर आला. दोराला काही झाले नव्हते.

लोखंडाची बादली ती एकच होती. प्लास्टिकच्या बुडत नव्हत्या. अध्यक्षांनी विहिरीत वाकून पाहिले, बराच वेळ. मग वर पाहिले.

"वहिनी... तुमच्याकडे तो आकडा होता ना एक. आहे का अजून?"

"गळ. आहे ना."

"द्या की मग."

"भांडं?"

"अहो पण वहिनी, बादली तुमचीच पडली आहे!"

"बादली माझी आहे. पाडली तुम्ही. आता गळ कोण मागून राहिलं?"

"मी."

"मंग भांडं."

मला वाटले हे जरा ताणले जात आहे. मी तिला खुणावले. तिने माझ्याकडे पाहिले नाही. अध्यक्षांनी डोक्यावरचे पिवळे हेल्मेट काढून पुढे केले. तिने ते हातात घेऊन उलटे केले, आत पाहिले आणि परत दिले.

"याले वरून भोकं आहेत."

"ठेवून टाका ना जी काहीतरी!" रांगेतून एक जण ओरडला. "इथं घसा सुकून राहिला!"

"काय ठेवू? आमची सगळी भांडी रांगेत आहेत!"

हे खरे होते. कॉलनीतले पाण्याचे प्रत्येक भांडे त्या वेळी आमच्या अंगणात रिकामे उभे होते आणि कोणीही आपले सोडायला तयार नव्हते. शेवटी अध्यक्षांच्या पत्नी रांगेतून बाहेर आल्या, शांतपणे घरी गेल्या आणि कुकर घेऊन आल्या.

"चालते का वं हा?"

"शिटी आहे ना त्याची?"

"आहे ना."

"मंग चालते. समितीची एक शिटी तं कामी आली."

त्यावर जे हसू फुटले त्यात अध्यक्षही होते, थोडे उशिरा. ही आत गेली, कुकर फळीवर ठेवला आणि गळ घेऊन आली. जुन्या दोराला गाठ तिने स्वतः मारली.

अध्यक्षांची बाजूही सांगितली पाहिजे. गळ फिरवायला अंगात चिकाटी लागते, आणि ती त्यांच्यात निघाली. सरकारी नोकरीत माणूस काहीच हाती लागत नसताना फिरवत राहायला शिकतो. ते डोळे मिटून, मान वाकडी करून दोर फिरवत होते. आधी कधीकाळी पडलेला एक पोहरा आला, शेवाळाने हिरवा झालेला. मग कोणाच्या तरी अँटेनाचा तुकडा. मग दोर ताठ झाला, त्यांनी डोळे उघडले आणि हळूच म्हणाले, "लागली." मथळ्याशिवाय दिलेला हा त्यांचा पहिला अहवाल असावा.

पण गळ त्या दिवशी परत आला नाही. शेंदणे एका दुपारी सगळ्या कॉलनीला येत नाही. मुलगा दमला की दुसरे कोणीतरी दोर धरायचे आणि बादली पुन्हा तळाशी जायची. दर वेळी नवे भांडे कोण ठेवणार? म्हणून गळ अध्यक्षांच्या जिम्म्यावरच राहिला, आणि त्यांचा कुकर आमच्या फळीवर. लाईन येईपर्यंत ते विहिरीजवळ स्टुलावर गळ मांडीवर घेऊन बसून असत. बादली पडली की लोक त्यांना हाक मारत. डाळ शिजवायची अडचण झाली तेव्हा त्यांच्या पत्नी आमच्याकडे शेगडीवर पातेले ठेवायला येऊ लागल्या; मग आणखी दोघी आल्या. अंगणात आलूभात होऊ लागला. तांदूळ होता, कोळसा होता, कंदिलाची काच स्वच्छ होती. कोणाला कसलेही आश्चर्य वाटत नव्हते, आणि तिला तर मुळीच नाही. मला अभिमान वाटला, हे इथे सरळ लिहून टाकतो. इतकी वर्षे एका माणसाने रोज सकाळी जाईला पाणी घालता घालता काय सांभाळले होते, ते लोक कळशी भरून घरी नेत होते.

तिचा जीव मात्र थाऱ्यावर नव्हता. लोकांनी पाणी नेले, पण ठराव तसाच होता, गिट्टी तशीच होती, आणि गाडी मुलाची होती. लाईन आली की लोक विसरतात, हे तिला गळामुळे चांगले माहीत होते.

रविवारी संध्याकाळी गवंड्याचा फोन आला. रस्त्यावरची झाडे हटली होती, तो सकाळी यायला मोकळा होता. फोन मुलाने घेतला. दोन्ही तळहातांना फोड आल्यामुळे तो त्याने मनगट आणि कानाच्या मध्ये धरला होता. ही शेगडीतली राख काढत होती. तिचा हात थांबला.

"हो, या ना," मुलगा म्हणाला. "गिट्टी आहे, रेती आहे. पण स्लॅब नाही टाकायचा. कठड्याभोवती ओटा बांधून द्या, रुंद. उभं राहाले जागाच नाही पुरत तिथं. आन् चाकात तेल नाही, तेही पाहा." मग थोडे ऐकून, "नाही नाही. चालू विहीर आहे ती."

ती पुन्हा राख काढू लागली. जरा वेळाने म्हणाली, "आन् गाडी?"

"तिले काय होते? राहते बाहेर."

एवढेच बोलणे झाले. ती आत गेली, आणि मला ऐकू आले की ती मुलाच्या हाताला लावायला खोबरेल तेल शोधते आहे आणि ते जिथे नेहमी असते तिथेच तिला सापडत नाही.

लाईन आली त्या सकाळी अध्यक्ष गळ घेऊन आले. पुसून, कोरडा करून, वर्तमानपत्रात गुंडाळून. तिने कुकर घासून ठेवला होता. परत करताना त्यात ओंजळभर तांदूळ घातला, कारण भांडे रिकामे देत नाहीत. अध्यक्ष जागचे हलले नाहीत.

"विषय : तो ठराव," ते म्हणाले.

"बोला."

"मंजूर झालेला ठराव रद्द करता येत नाही, वहिनी. तशी तरतूदच नाही."

"मंग?"

"त्याच्यापेक्षा मोठा ठराव करावा लागतो."

तो त्यांनी केला. बैठक आमच्याच अंगणात झाली, नव्या ओट्यावर, आणि हिने तिच्यात चहा दिला नाही, कारण तिला सभासद म्हणून खुर्चीवर बसवले होते. ठराव एकमताने झाला. आठवड्याभरात लोखंडी पाटी आली, निळ्यावर पांढरी अक्षरे, खाली समितीचे नाव. अनावरणाला सगळे आले. त्या प्रसंगी मी दोन शब्द बोलावे असा आग्रह झाला. मी एकच बोललो, "शेंदा", आणि खाली बसलो. लोकांना ते भाषण वाटले नाही, म्हणून अध्यक्ष बोलले, आणि बराच वेळ बोलले. टाळ्या झाल्या, पडदा बाजूला झाला.

पाटीवर लिहिले आहे : आपत्कालीन जलस्रोत क्रमांक १.

क्रमांक २ नाही.